रसिकांचे कट्टे आणि त्यांची जमीन

(बीड येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऊसतोड कामगार, पाणी आणि रोजगार हमी हे विषय समोर असताना, गाण्यांच्या आणि पुस्तकांच्या रसिकांनी इंटरनेटवर उभारलेल्या मंडळांचा विषय कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु माणसे एकत्र कशी येतात आणि त्यांचे एकत्र येणे कोणाच्या मालकीचे होऊन बसते, हा संघटना बांधणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न आहे. या मंडळांच्या उदयास्तात तो विशेष स्पष्टपणे दिसतो.

दूरदूरच्या रसिकांनी मंडळ बांधण्याची रीत जुनीच आहे. १९५२ साली केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर संक्रांत आली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि त्याच वर्षी तेथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. गावोगावी श्रोता संघ निघाले. पोस्टकार्डांवरून फर्माइशी जाऊ लागल्या. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून सरकारला लोकांच्या आवडीपुढे नमते घ्यावे लागले.

पोस्टकार्डाचे हेच काम पुढे संगणकाने केले. १९९६ साली अमेरिकेतील मराठी मंडळींनी ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केले. २००४ साली ‘मनोगत’, २००७ साली ‘मिसळपाव’ आणि २०११ साली ‘ऐसी अक्षरे’ आले. या कट्ट्यांवर मानधन नव्हते, लेख साभार परत करणारा संपादक नव्हता. गझल, गडकिल्ल्यांची भटकंती, जुनी नाट्यगीते, पाककृती अशा एकेका विषयाचे वेडे तेथे जमले. एखाद्याने प्रश्न विचारावा, दुसऱ्याने सविस्तर उत्तर द्यावे आणि वर्षभराने तिसऱ्याने येऊन त्यात भर घालावी, अशी ती व्यवस्था होती. लिहिलेले टिकत होते, शोधल्यास सापडत होते, म्हणूनच ज्ञानाचा संचय होत होता. दिवाळी अंकही तेथून निघाले.

मग हे कट्टे ओस का पडू लागले? रसिकता आटली, हे उत्तर मला मान्य नाही. काही दोष घरचेच होते. जुन्या सभासदांची कंपूबाजी, टोपणनावाआडची भांडणे, आणि चार-दोन स्वयंसेवकांवर पडलेला सारा भार, या गोष्टी नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मुख्य कारण निराळे आहे. बड्या कंपन्यांनी फुकट मैदाने खुली केली आणि मंडळी तिकडे गेली. २००४ साली निघालेल्या ऑर्कुटवर असंख्य रसिकगट जमले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ते बंद केले. याहू ग्रुप्सवरील वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार २०१९च्या डिसेंबरात काढून टाकण्यात आला आणि पुढच्या वर्षी ती सेवाही संपली. सभासदांनी ठराव केला नव्हता, त्यांची सभाही कोणी बोलावली नव्हती. घर त्यांनी बांधले होते, पण जमीन दुसऱ्याची होती. जे कट्टे त्याच वर्तुळातील माणसांनी स्वतःच्या हिकमतीवर चालविले, त्यांतील मायबोलीसारखे आजही उभे आहेत. तेथील गर्दी ओसरली असेल, पण दप्तर शाबूत आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. हे कट्टे भरात होते तेव्हा संगणक होता तो पुण्या-मुंबईच्या नोकरदारापुढे आणि परदेशातील अभियंत्यापुढे. केज, पाटोदा, धारूरच्या तरुणाला तेथे जागा मिळाली ती नावापुरती. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि तोही इंटरनेटवर पोहोचला. पण तोवर कट्टे मागे पडले होते. त्याच्या वाट्याला आला तो मोबाइलवरचा बंदिस्त गट. कारखान्यावर गेलेल्या ऊसतोड कुटुंबाला गावाशी जोडून ठेवणारा हा गट उपयोगाचा आहे, यात शंका नाही. मात्र तेथे आजचा मजकूर कालच्याला गाडतो. सहा महिन्यांपूर्वी कोण काय बोलले, हे त्या गटाबाहेरच्या कोणालाही शोधून सापडत नाही. गर्दीत शिरकाव मिळाला, कट्टा मिळाला नाही, अशी ही स्थिती आहे. शिक्षणात आणि पाण्यात जो अनुशेष आपण भोगला, त्याचेच हे नवे रूप होय.

फेब्रुवारी २०१६ मध्ये नागरिकांच्या मोहिमेमुळे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने वेगवेगळ्या मजकुरासाठी वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली आणि फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना येथे अडली. रस्ता सर्वांसाठी खुला राहिला, हे यश मोठेच होते. परंतु रस्त्याकडेची जमीन मूठभरांचीच राहिली. भागधारकांच्या यादीत नाव असले म्हणून कारखान्यात शब्द चालतोच असे नाही, हे सहकाराचा अनुभव घेतलेल्या जिल्ह्याला मी वेगळे सांगायला नको.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली आपल्यासाठी. शाखांची इतिवृत्ते, पत्रके, आंदोलनांच्या नोंदी केवळ मोबाइलच्या गटात ठेवू नका; त्यांची छापील प्रत तालुक्याच्या ग्रंथालयात द्या. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने उभी राहिलेली ही व्यवस्था दुबळी असली तरी जनतेची आहे. दुसरी सूचना मागणीची. सेवा बंद करणाऱ्या कंपनीने तेथील सार्वजनिक लेखन नष्ट करण्यापूर्वी ते सार्वजनिक संग्रहालयाच्या हवाली केले पाहिजे, असे बंधन कायद्याने घालावे. या दोन्हींवर आजच्या वर्गाने चर्चा करून ठराव करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.