रात्री दार फोडलं तर हात उचलायचा का?
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



घरची माणसं ऊसतोडीला गेली की आपल्यातल्या कितीतरी जणी म्हातारी सासू आणि लेकरं घेऊन वस्तीवर एकट्या असतात. म्हणून गटागटांत हा प्रश्न येतोच: "चोर शिरला आणि आम्ही काठी घातली, तर आम्हीच आत जायचं का?"

तसं नाही. आपला किंवा दुसऱ्याचा जीव, मालमत्ता वाचवायला केलेला प्रतिकार गुन्हा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ याच हक्काबद्दल आहेत. जुन्या कायद्यातही तो होता. शेजारणीच्या घरी चोर आला आणि तुम्ही धावलात, तरी हाच हक्क.

आता किती मारायचं? बचावाला लागेल तेवढंच. पोलिसांना बोलवायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. पण मध्यरात्री कडी तोडून माणूस आत आलाय, ठाणं वीस किलोमीटरवर, तेव्हा कुठला वेळ? सूर्यास्तानंतरची घरफोडी, जबरी चोरी, राहत्या घराला आग लावणं, बलात्काराचा किंवा अॅसिडचा हल्ला, जिवाची भीती, अशा वेळी प्रतिकारात समोरचा मेला तरी कायदा बाईच्या बाजूनं उभा राहतो. मात्र परसातली कोंबडी उचलून पळणाऱ्या पोराच्या डोक्यात कुऱ्हाड घातली, तर नाही.

आणि नीट ऐका. चोर पडला, हत्यार सुटलं, दाव्यानं बांधला, की हक्क संपला. पुढची प्रत्येक काठी आपल्या नावावर. पकडलेला माणूस लवकरात लवकर, सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यायचा.

धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवतं ना? १ जुलै २०१८. मुलं पळवणारे आलेत या अफवेवरून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. ते कुणाच्या घरात शिरले नव्हते. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती. व्हॉट्सअॅपवरचा मेसेज म्हणजे घरफोडी नव्हे. असा मेसेज आला तर पुढे ढकलू नका, आधी पोलीस पाटलांना विचारा.

प्रसंग घडलाच तर ११२ लावा. तुटलेली कडी, सांडलेलं सामान तसंच ठेवा, सारवायला घेऊ नका. आपल्याला लागलं असेल तर सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्या. पोलिसांना आपण मारलं हेही सांगा, लपवू नका, कारण बचावासाठी मारलं हे कोर्टात आपल्यालाच दाखवावं लागतं. वकिलाच्या फीची काळजी नको. बाईला उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. नंबर १५१००, आत्ताच मोबाईलमध्ये टाका.

अध्यक्षताईंना एक सांगते, रागावू नका. हप्त्याची रक्कम रात्रभर कपाटात ठेवू नका, आणि बँकेत कधी जाणार हे चावडीवर बोलू नका.