आधी ऐका, मग उघडा
(मंडळाच्या गणेशोत्सवात, बंगळूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





या व्यासपीठावर आरोग्य, गुंतवणूक, संतसाहित्य अशा विषयांवर आपण नेहमी ऐकतो. यंदा सांस्कृतिक सचिवांनी मला ‘घरातला जुना ॲम्प्लिफायर’ हा विषय दिला. विषय साधा आहे, पण आपल्यापैकी अनेकांच्या शोकेसमध्ये, विणलेल्या रुमालाखाली, असा एक जड डबा आजही बसलेला आहे. तो चालू केला की गाण्याआधी ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो आणि घरातले म्हणतात, ‘आता द्या तो भंगारात.’ माझे म्हणणे एवढेच, की भंगारात देण्याआधी तो ‘घूं’ नीट ऐका. बिघाड कुठे आहे हे बहुतेक वेळा तो स्वतःच सांगतो.

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने करणारी. गाणे शिकलेल्यांना सांगायचे तर ५० हर्ट्झ हा खर्जातला, पांढरी पाचच्या किंचित वरचा सूर. ॲम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट कमी करतो आणि पुढचे चार डायोड त्याचे डीसी करतात. पण हे डीसी सपाट नसते, त्यात सेकंदाला १०० उंचवटे असतात. १०० हर्ट्झ म्हणजे तोच सूर, एक सप्तक वर. म्हणून हम ऐकताना पहिला प्रश्न : हा खालचा सूर की वरचा?

वरचा असेल तर बहुधा फिल्टर कपॅसिटर थकलेला असतो. जुने मेकॅनिक त्याला कंडेन्सर म्हणतात. त्याचे काम गच्चीवरच्या टाकीसारखे. पाणी अधूनमधून चढते, पण नळाला धार एकसारखी येते, कारण मध्ये टाकी आहे. या कपॅसिटरच्या आत एक द्राव असतो. तो वर्षानुवर्षे उष्णतेने सुकतो, टाकी लहान होत जाते आणि धार तुटू लागते. तोच आपला घूं. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले की या कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. म्हणून तो विणलेला रुमाल कितीही सुंदर असला तरी ॲम्प्लिफायरच्या जाळीवरून आजच काढा.

खालचा सूर असेल तर मामला बहुधा बाहेरचा असतो : तुटलेली शील्ड, ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली वायर, किंवा अर्थिंगचा फेरा. (क्वचित चारपैकी एक डायोड उडालेला असतो, तेव्हाही ५० हर्ट्झ येतो.) सूर ओळखता येत नसेल तर तीन सोप्या चाचण्या करा. यांना पेचकसही लागत नाही.

पहिली : व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर न्या. हम तसाच राहिला तर दोष पॉवर सप्लायमध्ये किंवा शेवटच्या टप्प्यात. कमीजास्त झाला तर दोष व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे इनपुटकडे.

दुसरी : मागच्या सगळ्या वायरी काढा, फक्त स्पीकर ठेवा. हम गेला तर एकेक वायर परत लावा. जिच्याबरोबर तो परततो, ती आरोपी. केबल टीव्हीची वायर आणि लॅपटॉपचा चार्जर हे दोघे नेहमीचे संशयित. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की लगेच कळते.

तिसरी : पॉवर बंद करून स्पीकरच्या वायरी काढा आणि पुन्हा चालू करा. तरीही डब्यातूनच गुणगुण येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांचा आवाज. बहुधा बोल्ट सैल झालेले असतात. प्लग काढून ते आवळले की पुष्कळदा भागते.

आता सर्वात महत्त्वाचे. अर्थिंगच्या फेऱ्यामुळे हम येतो तेव्हा एक ‘रामबाण’ उपाय सांगितला जातो, की प्लगची जाड पिन काढून टाका. हम जातोही. पण ती पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड कशासाठी केली आहे? प्लग लावताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी यासाठी. आत कधी वायर सुटून धातूच्या डब्याला टेकली, तर करंट जमिनीत नेऊन फ्यूज उडवणारी तीच. ती काढलीत तर ते काम व्हॉल्यूम फिरवणाऱ्या माणसाला करावे लागेल. घरातला असो वा मांडवातला, कुठल्याही ॲम्प्लिफायरचे अर्थिंग तोडू नका. फेरा तोडायचे सुरक्षित मार्ग आहेत : सगळी यंत्रे एकाच बोर्डावर लावा, ऑडिओ वायरी आखूड ठेवा, तरी न भागल्यास ऑडिओ लाइनमध्ये ६०० ओहमचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा टीव्हीच्या केबलमध्ये आयसोलेटर लावा.

आपल्या मंडळातल्या एका काकूंचा ॲम्प्लिफायर माझ्याकडे आला होता. त्यांच्याकडे सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट आहे, एकच प्रत. हममुळे शब्द कळेनात, म्हणून त्यांना वाटले की कॅसेटच खराब झाली. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी हम तसाच, आणि सूर वरचा. दोन फिल्टर कपॅसिटर बदलले, हम गेला. मग कॅसेट लावली, तर ओव्या स्वच्छ ऐकू आल्या, फक्त मागे अगदी बारीक घूं उरला होता. टेप थांबवली की तोही थांबे. म्हणजे तो रेकॉर्डिंगच्या दिवशीच कॅसेटवर उतरलेला होता. तो कपॅसिटर बदलून जाणार नाही, आणि काकू म्हणाल्या, ‘राहू दे तो.’ अशा कॅसेट ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्याव्यात. मात्र आधी हम काढा. उतरवताना वायर डेकच्या लाइन आउटमधून घ्या, स्पीकरसमोर मोबाइल धरू नका.

कपॅसिटर स्वतः बदलणार असाल तर थोडे नियम. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज उरतो. १ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी अर्धा मिनिट त्याच्या पायांना लावा आणि मीटरने शून्य झाल्याची खात्री करा. हे ट्रान्झिस्टरच्या सेटसाठी. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये ३०० ते ४०० व्होल्ट असतात, तो जाणकाराकडेच न्या. नवा कपॅसिटर व्होल्टेजने जुन्याइतका किंवा जास्त, १०५ अंशांचा, आणि भरवशाच्या दुकानातून घ्या. एस. पी. रोडवर सर्व काही मिळते, हुबेहूब नक्कलसुद्धा! ४७०० मायक्रोफॅरडच्या जागी ६८०० चालेल. दसपट मोठा लावू नका, चालू करताना डायोडवर आणि ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. अधिक-उणे नीट पाहा. पहिल्यांदा चालू करताना ६० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, म्हणून जुना एक जपून ठेवा.

‘अपग्रेड’ विचाराल तर माझा क्रम असा. आधी कपॅसिटर. मग व्हॉल्यूमची खरखर, त्यासाठी कॉन्टॅक्ट क्लीनर. मग सैल सॉकेट आणि तडकलेले सोल्डर. मग स्पीकरची बरी, जाड वायर. ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर जोडता येतो, पण त्याला स्वतंत्र ॲडॉप्टर द्या, नाही तर किरकिर ऐकू येईल. जुने आउटपुट ट्रान्झिस्टर चालू असतील तर उगाच बदलू नका. त्या जागी फार वेगवान नवे लावले तर सर्किट अस्थिर होऊ शकते. आणि वॉटच्या मोहात पडू नका. एके काळी डब्यांवर हजारो ‘पीएमपीओ’ वॉट छापलेले असत. खरे गणित असे, की वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळेल इतका. जुन्या डब्यातला जड ट्रान्सफॉर्मर आणि मोठा हीटसिंक हीच त्याची श्रीमंती, ती आहे तशी राहू द्या.

घरी गेल्यावर तो डबा चालू करा, व्हॉल्यूम शून्यावर न्या आणि दोन मिनिटे नुसते ऐका. एवढ्यावर काय ते कळेल. प्रश्न असतील तर प्रसादानंतर मी इथेच आहे.