शाळिग्रामाची साक्ष

आपल्यापैकी पुष्कळांच्या देवघरात शाळिग्राम असेल. नेपाळातील गंडकीच्या पात्रात सापडणाऱ्या या काळ्या, गुळगुळीत दगडावरील वलयांत भाविक विष्णूचे चक्र पाहतो, तर भूशास्त्रज्ञ अ‍ॅमोनाइट नावाच्या प्राचीन समुद्रजीवाच्या शंखाचा ठसा पाहतो. दोघांच्याही दृष्टीचा मान राखला, तरी एक प्रश्न उरतोच. समुद्रातला हा जीव हिमालयाच्या कुशीत पोहोचला कसा?

तो तेथे गेला नाही. समुद्राचा तळच वर उचलला गेला. संस्कृतात पृथ्वीला 'अचला' म्हणतात खरे; परंतु तिचे कवच अखंड नसून लहानमोठ्या भूपट्टांचे बनलेले आहे. त्यांच्याखालील खडक घनरूप असूनही प्रचंड उष्णतेमुळे अतिशय मंदपणे वाहतो, आणि त्यावरून हे पट्ट सरकत राहतात. जेथे ते दूर होतात तेथे नवा सागरतळ निर्माण होतो. जेथे एक दुसऱ्याखाली जातो तेथे सागरी गर्ता व ज्वालामुखी जन्मतात. आणि जेथे दोन खंड समोरासमोर भिडतात तेथे पर्वत उभे राहतात.

खंड सरकतात, हा विचार जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 साली मांडला. ते कोणत्या शक्तीने सरकतात हे त्यांना समाधानकारकपणे सांगता आले नाही, म्हणून बहुतेक विद्वानांनी तो नाकारला. 1930 साली ग्रीनलंडच्या हिमप्रदेशात वेगेनर यांचा अंत झाला. पुढे 1960 नंतरच्या दशकात सागरतळाच्या अभ्यासाने त्यांचा मूळ विचार खरा ठरला.

आपल्या भूमीचा प्रवास तर विलक्षणच आहे. दक्षिणेकडील गोंडवन महाखंडापासून विलग होऊन ती उत्तरेकडे निघाली. वाटेत, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, तिच्यावर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. सह्याद्रीचे काळे कडे त्यांतूनच कोरले गेले. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी ती आशियाला भिडली, मधला टेथिस समुद्र मिटला, आणि त्याच्या तळाचा गाळ हिमालयाच्या रूपाने वर आला. एव्हरेस्टच्या माथ्यावरही सागरी चुनखडक आहे.

ही गती अद्याप थांबलेली नाही. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर सरकतो. म्हणजे माझ्या चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात ही भूमी सुमारे 2 मीटर पुढे गेली. महसुलाच्या कोणत्याही दप्तरात मात्र त्याची नोंद झालेली नाही!

परंतु निसर्गाच्या दप्तरात ती होते. अडकलेल्या खडकांत ताण साठत जातो आणि अकस्मात मोकळा होतो. 1905 चा कांगडा, 1934 चा बिहार-नेपाळ, 1950 चा आसाम आणि 2015 चा नेपाळ हे भूकंप त्याचीच फळे होत. पट्टाच्या अंतर्भागातील जुन्या भेगांनाही हा ताण जाणवतो, असे भूशास्त्रज्ञ मानतात. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट महाराष्ट्र कसा विसरेल? मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. गणेशविसर्जन आटोपून निजलेल्या किल्लारी परिसरातील हजारो माणसांना ती पहाट दिसलीच नाही. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील जड माळवदे यांखाली ती गाडली गेली.

भूकंप थोपविणे आपल्या हाती नाही. त्याची घटिका आधी सांगणेही अद्याप साधलेले नाही. पण भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड घालणे, दारे-खिडक्यांच्या वर चहूबाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा फिरविणे, छप्पर हलके ठेवणे, हे आपल्या हाती निश्चित आहे. यासंबंधीचे नियम छापलेले आहेत. मात्र नियम कागदावरून भिंतीत उतरावा लागतो, हे शासनसेवक म्हणून मी जाणतो. बांधकामाचा नकाशा मंजूर करणाऱ्याने आणि घर बांधणाऱ्यानेही देवघरातल्या त्या काळ्या दगडाचे स्मरण ठेवावे. आपल्या पायांखालची भूमी चालती आहे, ही साक्ष तो रोज देत आहे.