ज्याचं माप त्याच्या पदरात

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



संतसाहित्य, अर्थकारण, शेती, गिर्यारोहण अशा विषयांच्या पंगतीत यंदा जपानी ॲनिमेलाही एक पान वाढलं गेलं, याचा मला मनापासून आनंद आहे. आज इथे दोन पिढ्या शेजारी शेजारी बसल्या आहेत. पुढच्या रांगेतल्या मुलामुलींना ॲनिमे म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. मागे बसलेल्या त्यांच्या आईवडिलांना मात्र एक आठवण करून देते. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर तुम्ही जो मोगली पाहिलात, ती मूळ जपानी मालिका. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने ती १९८९ मध्ये आणली. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांची चाल आपल्याकडची, चित्रं तिकडची. युगो साको यांच्या पुढाकारातून तयार झालेल्या रामायणावरच्या ॲनिमे चित्रपटाचं दिग्दर्शन करणाऱ्यांमध्ये मुंबईचे राम मोहन होते. म्हणजे हा पाहुणा आपल्या घरात जुनाच आहे.

आज बोलायचं आहे ते निवडीबद्दल आणि गुणांबद्दल. काय पाहावं, काय सोडावं, आणि पाहून झाल्यावर त्याला दहापैकी किती द्यावेत? गुण देण्याची सवय ॲनिमेच्या चाहत्यांमध्ये फार खोल रुजलेली आहे. मीही गुण देते आणि मनापासून देते. पण वर्षानुवर्षं पाहत आल्यावर माझी एक धारणा पक्की झाली आहे. प्रत्येक कलाकृतीने स्वतःपुढे एक काम ठेवलेलं असतं. आधी ते काम ओळखावं, मग त्याच मापाने तिला मोजावं. आज जे सांगणार आहे ते सगळं या एका वाक्याचा विस्तार आहे.

आधी निवडीची गरज का पडते ते पाहू. जपानी दूरचित्रवाणीवर वर्षाचे चार हंगाम असतात : जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. दर हंगामाला डझनावारी नव्या मालिका सुरू होतात. एका हंगामात साधारण बारा-तेरा भाग बसतात. हे सगळं पाहणं कोणालाच शक्य नाही. मग बहुतेक जण सोपी वाट धरतात. सरासरी गुणांची यादी काढायची आणि वरून खाली पाहत जायचं.

त्या यादीचा मी अनादर करत नाही. हजारो लोकांनी वेळ देऊन नोंदवलेलं मत आहे ते. पण सरासरी कशी तयार होते हे समजून घेतलं पाहिजे. 'मायॲनिमेलिस्ट' या संकेतस्थळावर एक ते दहा असे गुण देता येतात आणि तिथे पाच म्हणजे मध्यम. प्रत्यक्षात नावाजलेल्या मालिकांची सरासरी सात ते नऊ या चिंचोळ्या पट्ट्यात दाटीवाटीने बसते. कारण साधं आहे. जे आवडणार नाही असं वाटतं ते माणूस सहसा पाहायलाच घेत नाही, आणि कंटाळा आला की गुण न देताच निघून जातो. 'गिंतामा' ही मालिका घ्या. तिची पहिली फेरी २००६ ते २०१० अशी २०१ भागांची. पुढच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतो तो मुळातच तिच्यावर जीव असलेला प्रेक्षक. म्हणून त्या पुढच्या फेऱ्या यादीत अगदी वर दिसतात. मालिका उत्तमच आहे, पण नवख्या माणसाने वरचं स्थान पाहून थेट तिथे उडी घेतली तर त्याच्या हाती काही लागणार नाही. सरासरी सांगते ते शेवटपर्यंत टिकून राहिलेल्यांचं समाधान. आपल्याला काय हवं आहे, हे तिला कुठून कळणार?

माझी निवड नावांवरून होते. मालिका संपल्यावर सरकत जाणारी श्रेयनामावली मी वाचते आणि दिग्दर्शकाचं, पटकथाकाराचं नाव लिहून ठेवते. 'फ्रीरेन' ही मालिका २०२३ च्या सप्टेंबरअखेर आली. दैत्यराजाला हरवून नायकमंडळी परतल्यानंतर ही कथा सुरू होते. हजार वर्षांहून जास्त जगलेल्या एका एल्फ स्त्रीला सोबत्यांच्या मृत्यूनंतर त्यांची ओळख नव्याने पटत जाते. मंद, आत वळलेली कथा. दिग्दर्शक केइइचिरो साइतो. त्यांनीच आदल्या वर्षी 'बोच्ची द रॉक' केली होती, म्हणजे गिटार वाजवणाऱ्या एका कमालीच्या भिडस्त मुलीची धमाल विनोदी मालिका. बाहेरून पाहिलं तर दोन्हींचं काही नातं नाही. पण 'बोच्ची'मध्ये त्या मुलीच्या मनातली घालमेल दाखवायला त्यांनी चित्रांच्या ज्या युक्त्या योजल्या होत्या, त्या पाहिलेल्या माणसाला खात्री होती की न बोललेलं दाखवणं या दिग्दर्शकाला जमतं.

नाओको यामादा यांचंही तसंच. 'के-ऑन', 'अ सायलेंट व्हॉइस', 'लिझ अँड द ब्लू बर्ड', आणि २०२१ मधली 'हेइके मोनोगातारी'. शाळेतल्या मुलींचा बँड, कर्णबधिर मुलीची छळणूक, दोन मैत्रिणींमधला ताण, बाराव्या शतकातल्या घराण्याचा ऱ्हास. विषय चार दिशांना, पण दृष्टी एकच. यामादांची पात्रं मनातलं पायांनी बोलतात. चेहरा चौकटीबाहेर ठेवून त्या बुटाचं टोक जमिनीवर घासणारा पाय दाखवतात, आणि ती मुलगी खोटं बोलते आहे हे आपल्याला कळतं. असं नाव एकदा सापडलं की पुढची कित्येक वर्षं निवडीची चिंता राहत नाही.

आता तीन भागांचा नियम. पहिले तीन भाग पाहा, पटलं नाही तर सोडा, असा चाहत्यांचा रिवाज जपानमध्येही आहे. २०११ च्या जानेवारीत सुरू झालेल्या 'मादोका मागिका'ने तिसऱ्या भागात जो धक्का दिला, त्याने हा नियम आणखी घट्ट केला. मी तो पाळते, पण त्यात एक दुरुस्ती करून. तीन भागांत गोष्ट रंगली की नाही यापेक्षा, ही मालिका काय करू पाहते आहे ते मला उमगलं का, हे मी तपासते. उमगलं आणि ते आपल्याला नको असेल, तर निश्चिंत मनाने सोडावी. उमगलंच नसेल, तर अजून दोन भाग तिला द्यावेत. 'फ्रीरेन'च्या कर्त्यांनी पहिले चार भाग एकाच रात्री सलग दाखवले. आपल्या कथेचा पाया रचायला तेवढा अवकाश लागतो, हे त्यांनी ओळखलेलं दिसतं.

आता गुणांकडे वळू. त्यासाठी आधी दूरचित्रवाणीवरच्या साप्ताहिक ॲनिमेची घडण कशी झाली ते पाहायला हवं. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांची 'तेत्सुवान आतोमु', म्हणजे 'ॲस्ट्रो बॉय', फुजी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, तोही तुटपुंज्या पैशांत. चित्रफितीत एका सेकंदाला २४ चौकटी असतात. प्रत्येक चौकटीसाठी वेगळं चित्र काढणं परवडणारं नव्हतं. मग एकच चित्र तीन चौकटी धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं पुरतात. बोलताना फक्त ओठ हलवायचे. उडण्याची, धावण्याची चित्रं जपून ठेवायची आणि पुन्हा वापरायची. या काटकसरीतून पुढे एक शैली घडली. कुठे हात राखायचा आणि कुठे सढळ सोडायचा, यातच दिग्दर्शकाचा कस लागतो.

म्हणून 'ॲनिमेशन किती गुळगुळीत आहे' यावर मी गुण देत नाही. 'इव्हांगेलियन' या मालिकेच्या चोविसाव्या भागात एक प्रसंग आहे. प्रचंड यंत्रमानवाच्या मुठीत एक मुलगा, आणि त्या यंत्राच्या आत बसलेल्या दुसऱ्या मुलाने निर्णय घ्यायचा आहे. चित्र थांबतं. सुमारे मिनिटभर काहीही हलत नाही, फक्त बेथोव्हेनची नववी सिंफनी चालू राहते. एका चित्राचा खर्च! पण निर्णयाचा तो भार हजार चित्रांनी पेलला नसता. तिथे स्थिरता हेच काम होतं आणि ते पुरेपूर झालं.

मी माझ्या वहीत प्रत्येक मालिकेपुढे दोन रकाने ठेवते. एक 'कसब', दुसरा 'जवळीक'. कसबाच्या रकान्यात पाहायचं ते हे की, जे काम अंगावर घेतलं ते किती पार पडलं आणि ते काम किती अवघड होतं. जवळिकीच्या रकान्यात मी आणि ती कलाकृती यांच्यातलं नातं. या दोन आकड्यांची मी कधीही सरासरी काढत नाही. २००९ मध्ये 'हारुही सुझुमिया'च्या नव्या फेरीत उन्हाळी सुट्टीचा शेवट पुन्हा पुन्हा घडतो. तीच कथा आठ आठवडे, आठ भाग. क्योतो ॲनिमेशनने दर वेळी सगळं नव्याने रेखाटलं, कपडे बदलले, कोन बदलले, संवादही नव्याने ध्वनिमुद्रित केले. वेळेच्या चक्रात अडकल्याची घुसमट त्यांना प्रेक्षकाच्या अंगावर आणायची होती आणि ती आली. माझ्याकडे कसब आठ, जवळीक चार. दोन्ही आकडे खरे आहेत. त्यांचा सहा केला तर दोन्ही खोटे पडतील.

'पुन्हा पाहावंसं वाटतं का?' ही काही जणांची कसोटी असते. तीही मला अपुरी वाटते. १६ एप्रिल १९८८ रोजी स्टुडिओ जिबलीचे दोन चित्रपट जपानमध्ये एकाच खेळात जोडीने प्रदर्शित झाले : हायाओ मियाझाकींचा 'माय नेबर तोतोरो' आणि इसाओ ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. एकात आजारी आईची वाट पाहणाऱ्या दोन बहिणींना रानातला एक मायाळू प्राणी भेटतो. दुसऱ्यात युद्धाच्या अखेरीस भाऊ-बहीण उपासमारीने मरतात. 'तोतोरो' मी कितीही वेळा पाहीन. 'फायरफ्लाइज' पुन्हा लावायला हात धजत नाही, आणि तो तसा धजू नये यातच त्या चित्रपटाचं यश आहे. माझ्या वहीत कसबाच्या रकान्यात दोघांनाही दहा. एकाच स्टुडिओने एकाच दिवशी पुढे ठेवलेल्या या दोन कृतींना एक फूटपट्टी पुरत नाही, तर शेकडो मालिकांना ती कशी पुरेल?

आता माझ्या दोन्ही रकान्यांत दहा मिळवलेल्या एका मालिकेजवळ थोडं थांबते. 'शोवा गेनरोकु राकुगो शिंजू', २०१६ आणि २०१७ अशा दोन फेऱ्या. राकुगो ही जपानची कथाकथनाची जुनी कला. कलावंत उशीवर गुडघे मुडपून बसतो, उठत नाही. हातात पंखा आणि एक रुमाल. मान डावीकडे वळवली की एक पात्र, उजवीकडे वळवली की दुसरं. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये लक्ष्मण देशपांड्यांनी एकट्याने उभं केलेलं गाव ज्यांनी पाहिलं, त्यांना या कलेची ताकद वेगळी सांगायला नको. फरक इतकाच की राकुगोमध्ये हे सगळं बसल्या जागी.

आता विचार करा, हलत्या चित्रांच्या माध्यमात बसून राहिलेला माणूस दाखवायचा! पहिलाच भाग नेहमीच्या भागाच्या दुप्पट लांबीचा, आणि त्यात तुरुंगातून सुटून आलेला योतारो एका चोराची विनोदी कथा रंगमंचावर सांगतो. पुढे कथा मागे जाते, योतारोचा वृद्ध गुरू याकुमो याच्या तारुण्यात, जेव्हा त्याचं नाव किकुहिको होतं. किकुहिको आणि त्याचा गुरुबंधू यांचं पदार्पण एकाच दिवशी होतं. किकुहिकोचा आवाज नीट आहे, शब्द बिनचूक आहेत, पण सभागृह थंड. कॅमेरा त्याच्या ताठ खांद्यांवर आणि प्रेक्षकांच्या भरकटलेल्या नजरांवर जातो. मग दुसरा येतो आणि हशा उसळतो. कित्येक भागांनंतर किकुहिकोला त्याची स्वतःची शैली सापडते, तेव्हा तोच माणूस, तीच उशी. पण आता मानेचा कोन बदलताच बाई दिसते, पंख्याच्या हालचालीत हात सैल झालेला कळतो आणि सभागृहातली शांतता वेगळी ऐकू येते. तरुण किकुहिकोपासून वृद्ध याकुमोपर्यंतचा आवाज अकिरा इशिदा या एकाच कलावंताचा. वय, उमेद, कडवटपणा सगळं त्या एका गळ्यात. हे काम अंगावर घेणंच धाडसाचं होतं, आणि ते तडीस गेलं.

आता एक सवय सुचवते. शेवटचा भाग संपतो त्या रात्री जो आकडा सुचतो तो पेन्सिलने लिहावा. त्या रात्री मन भरलेलं असतं, संगीत कानात असतं. एक हंगाम जाऊ द्यावा आणि मग तो आकडा शाईने लिहावा. मधल्या काळात काही मालिका विरून जातात. काही मात्र बसमध्ये, स्वयंपाकघरात, अचानक आठवतात आणि त्यांचा आकडा वर सरकतो. शाईच्या आकड्याशेजारी एक वाक्य हवंच : या मालिकेने काय करायचं ठरवलं होतं? हे वाक्य लिहिता येत नसेल, तर आपण अजून गुण द्यायला तयार नाही.

इथल्या तरुण मित्रांना मला कळकळीने सांगायचं आहे. आवडत्या मालिकेला वर काढण्यासाठी दुसरीला एक गुण देणं, हे या कलेच्या प्रेमात बसत नाही. मालिकेतल्या प्रत्येक दृश्यामागे रात्र रात्र जागलेले चित्रकार आहेत. 'शिरोबाको' ही २०१४ ची मालिका पाहा, एक भाग वेळेत पुरा करायला किती हात राबतात ते त्यात दिसतं. नावडलं तर कमी गुण जरूर द्या, पण पाहून द्या आणि कारण सांगून द्या. आणि पालकांनो, मुलाने 'दहापैकी दहा' म्हटलं की त्याला विचारा, 'का?' मग त्याचं उत्तर पूर्ण ऐका, आणि त्याने सांगितलेली मालिका त्याच्याशेजारी बसून पाहा. कलाकृतीबद्दल कारणं देऊन बोलायला शिकलेलं मूल उद्या नाटक, कविता, चित्र यांच्याकडेही त्याच डोळसपणे जाईल. रसिकतेचं शिक्षण मिळण्याचं हे एक खरंखुरं ठिकाण आहे, आणि आपली मुलं तिथे स्वतःहून जाऊन बसली आहेत. त्यांना तिथे एकटं सोडू नका, एवढीच माझी विनंती.