एकट्या मुलांची वाट

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात एक स्मृतिस्तंभ आहे. तो पोलिश निर्वासितांचा आहे, हे तिथं फिरायला येणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसतं. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं.

त्याआधी, १९४२ साली, पोलिश अनाथ मुलांची पहिली तुकडी भारतात आली. सोव्हिएत राजवटीनं त्यांच्या कुटुंबांना सैबेरियात, कझाकस्तानात हद्दपार केलं होतं. उपासमारीनं आणि रोगराईनं अनेकांचे आईबाप गेले. भारतातून मदतसामान घेऊन गेलेल्या ट्रकांतून ही मुलं अश्गाबादहून इराणमधल्या मशहदला, तिथून क्वेट्टामार्गे मुंबईला आली. जामनगरच्या दिग्विजयसिंहजी महाराजांनी त्यांना बालाचडीला आसरा दिला.

आज ही आठवण काढायचं कारण वेगळं आहे. २०१५ या एका वर्षात युरोपीय संघात ८८ हजारांहून अधिक एकट्या मुलांनी आश्रय मागितला. त्यांतली जवळजवळ निम्मी अफगाणिस्तानची. त्यांचीही वाट बहुधा इराणमधूनच जाते. पुढं तुर्कस्तानचे डोंगर, ग्रीसकडं जाणारी रबरी बोट आणि मग ट्रकमध्ये लपून प्रवास. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात महामार्गालगत सोडून दिलेल्या एका ट्रकमध्ये ७१ निर्वासितांचे मृतदेह सापडले. त्यांत ४ मुलं होती.

आईबाप पोराला एकटं पाठवतातच कसे, असं आपण सहज विचारतो. पण दलालाला द्यायचे पैसे बहुधा एकापुरतेच जमतात. आणि कायद्याची अडचण अशी, की आश्रय मागायला आधी त्या देशात पोचावं लागतं. पोचण्यासाठी लागणारा व्हिसा मात्र अशा मुलाला मिळत नाही. दलालाचा धंदा चालतो तो यामुळं.

ब्रिटनमधले लॉर्ड आल्फ डब्ज १९३९ साली, सहा वर्षांचे असताना, प्रागहून निर्वासित मुलांच्या रेल्वेनं लंडनला पोचले होते. युरोपात अडकलेल्या ३ हजार एकट्या मुलांना ब्रिटननं घ्यावं, असा आग्रह त्यांनी २०१६ साली धरला. कायद्यात तसं कलम आलं, पण आकडा गळला. पुढं सरकारनं जागा दिल्या ४८०.

१९४२ चा तो प्रवासही सोपा नव्हताच. पण ट्रक कोणाचा हे माहीत होतं, आणि मुलं कुठं उतरणार हेही ठरलेलं होतं. मुलं तेव्हाही निघाली, आताही निघतात. त्यांना न्यायला कोण जातं, सरकार की दलाल, एवढंच मोठ्यांच्या हातात असतं.