वहीतलं गाव

पंढरीहून आपण परततो, तेव्हा वेशीवरचा मारुती भेटतो. आपल्याच जिल्ह्यातल्या मणिबेलीकरांना ती वेस उरली नाही. अक्कलकुवा तालुक्यातलं हे नर्मदाकाठचं आदिवासी गाव. १९९३ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचं पाणी घरांत शिरलं. पुढे शूलपाणेश्वराचं जुनं मंदिरही बुडालं. महादेवासाठी गुजरातेत गोरा गावाजवळ नवं देऊळ झालं. काठची गाळाची शेतं, मोहाची झाडं कोण उचलून नेणार? जिल्ह्यातली अशी ३३ गावं. कोणी तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत गेले, कोणी वर डोंगरात सरकले. दिंडीच्या वहीत आपण नावापुढे गाव लिहितो ना? वसाहतीतला वारकरी आला, तर त्याचं बुडालेलं गावही विचारून लिहा.