खाण तशी माती

सोलापूर जिल्ह्यातील माळरानावरच्या एखाद्या वाडीचे चित्र श्रोत्यांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. दिवस मावळतीला आला आहे, मेंढरे वाड्यात शिरत आहेत, आणि त्यांच्या मागून एक तरुण कारवानी कुत्रा डौलाने येत आहे. लांब पाय, खोल छाती, कमर मुठीत मावेल इतकी बारीक. त्याचे नाव सर्जा, आणि वय अकरा महिने. धनी तात्या उंबऱ्याशी बसले असता शेजारच्या वाडीचा एक तरुण येतो, सर्जाकडे कौतुकाने पाहतो आणि म्हणतो, "तात्या, तुमचा सर्जा आता गडी झाला की! आमच्या कुत्रीला जोड द्या. पहिलं पिलू तुमच्या पसंतीचं."

तात्यांच्या ओठांवर होकार आलेला असतो. आपल्या जनावराची कोणी वाखाणणी केली म्हणजे कोणास आनंद होत नाही? त्यातून शेजारधर्माचा प्रश्न, आणि पदरात एक पिलू पडणार तो लाभ निराळाच. अशा वेळी धनी बहुधा एकच विचारतो की, "कधी आणता?" वस्तुतः त्याच्या आधी दुसरा एक प्रश्न उभा असतो. या कुत्र्याची पैदास करावी की नाही? हा पहिला प्रश्न सुटल्यावाचून दुसऱ्याचे उत्तर देणे म्हणजे जमीन न पाहताच पेरणीचा मुहूर्त काढण्यासारखे होय.

गाय किंवा म्हैस यांच्या बाबतीत आपले शेतकरी वळू पारखून घेतात. कुत्र्याच्या बाबतीत मात्र नराची निवड ही किरकोळ गोष्ट समजली जाते. पिले मादीला होतात, त्यांचे पोषण मादीच करते, तेव्हा नराचा संबंध घटकाभराचा, अशी समजूत असते. हिशेब केला असता ही समजूत टिकत नाही. एका कुत्रीने आयुष्यात पाच वेती दिली आणि दर वेतास सहा पिले झाली, तर तिची संतती तीस होते. एखादा नर नावाजला आणि महिन्याला एकच मादी त्याच्याकडे आली, तरी त्याच हिशेबाने एका वर्षात त्याची पिले बहात्तर होतात. मादीतील दोष एका घरापुरता राहील; नरातील दोष एकदोन वर्षांत सगळ्या पंचक्रोशीत पसरेल. "खाण तशी माती" ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते, आणि एका खाणीची माती जितक्या घरांत जाते तितकी जबाबदारी त्या खाणीच्या धन्यावर येते.

कारवानी कुत्र्याविषयी तर ही जबाबदारी अधिकच मोठी आहे. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक या पट्ट्यातील ही जुनी जात. मुधोळ संस्थानचे घोरपडे अधिपती तिचे चाहते होते, आणि त्यांच्या आश्रयामुळे तिला मुधोळ हे नाव मिळाले. 2005 साली भारताच्या टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ कुत्र्यास स्थान मिळाले. परंतु तिकिटावर चित्र आल्याने जात टिकत नाही. ती टिकते वाड्या-वस्त्यांवरच्या धन्यांच्या विवेकाने. जेथे जनावरे थोडी असतात तेथे दोनचार देखण्या नरांकडेच सगळ्यांची धाव असते. त्यांची मुले, नातवंडे व पणतवंडे पुन्हा एकमेकांशी जोडली जातात, आणि जी गोष्ट शोभेची वाटत होती तीच जातीच्या गळ्याचा फास होऊन बसते.

याचे कारण समजण्यास फार मोठ्या शास्त्राची गरज नाही. 1865 साली ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्यांवरील प्रयोग मांडून दाखविले की, काही गुण एका पिढीत दडून राहतात आणि पुढच्या पिढीत अवचित प्रकट होतात. कुत्र्याच्या शरीरातील प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या एकोणचाळीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक बापाकडून येते व एक आईकडून. अनेक रोगांचे बीज असे असते की, ते एकाच बाजूने आले तर जनावर अगदी निरोगी दिसते, आणि दोन्ही बाजूंनी आले तरच रोग उमटतो. म्हणजे देखणा, धडधाकट, धावण्यात पहिला येणारा नरही आपल्या रक्तात दोष लपवून बाळगीत असेल. अशा नराची गाठ तसाच दोष बाळगणाऱ्या मादीशी पडली की, सरासरीने चार पिलांत एक रोगी निघते. बापलेकीची किंवा भावाबहिणीची जोड लावली असता अशी गाठ पडण्याचा संभव फारच वाढतो.

आता वयाचा प्रश्न. नर कुत्रा सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान वयात येतो आणि पिले देऊ शकतो, हे खरे. पण वयात येणे निराळे आणि पक्व होणे निराळे. अकराव्या महिन्यात त्याची हाडे पुरती भरलेली नसतात, छाती रुंदावयाची असते, स्वभाव तर मुळीच ठरलेला नसतो. पैदाशीच्या नरास दीड वर्षाच्या आत वापरू नये, आणि निर्णय पुरा करण्यास दोन वर्षे थांबावे, हे जाणत्यांचे मत याच कारणावर उभे आहे. अल्सेशियन किंवा लॅब्रॅडॉर यांसारख्या जड अंगाच्या जातींत खुब्याचा सांधा सैल बनण्याचा दोष पुष्कळ आढळतो. त्याची क्ष-किरण परीक्षा करून अंतिम दाखला देण्याचे अमेरिकेतील वय पुरे चोवीस महिने आहे. याच्या आधी काढलेले चित्र निर्दोष दिसले तरी त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

अगदी साधी परीक्षा धन्यास स्वतःच करता येते. नराचे दोन्ही अंड सहा महिन्यांच्या आत खाली उतरलेले असावेत. एक जरी पोटात राहिला तरी तो नर पैदाशीस अपात्र समजावा, कारण हे वैगुण्य पिढीत उतरते. पुढची परीक्षा स्वभावाची. परक्या माणसास पाहून थरथरणारा, फटाक्याच्या आवाजाने पळ काढणारा किंवा कारणावाचून अंगावर धावणारा कुत्रा कितीही देखणा असो, त्याची पैदास करू नये. भित्रेपणा आणि चावरेपणा यांचा काही अंश शिक्षणाने येतो, पण काही अंश रक्तातूनही येतो. लहान पोरांच्या घरी जाणाऱ्या पिलांचा बाप कसा आहे हे पाहणे ही चैन नव्हे.

त्यानंतर रोगांची परीक्षा. ब्रुसेला नावाचा एक सूक्ष्म जंतू आहे. कुत्र्यांत आढळणारा त्याचा प्रकार 1966 साली अमेरिकेत ओळखला गेला. त्याने मादीचा गर्भ पडतो, नर वांझ होतो, आणि माणसासही त्याची बाधा होऊ शकते. जोड लावण्यापूर्वी दोघांचेही रक्त तपासणे हाच त्यावर उपाय. आपल्याकडील मोकाट कुत्र्यांत जननेंद्रियांवर गाठी उठण्याचा आणखी एक रोग आहे, तो संयोगातून एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. त्यावर औषध आहे, तथापि गाठी दिसत असता जोड लावणे म्हणजे रोग विकत घेणे होय. नरास नुकताच मोठा ताप येऊन गेला असेल तर दोन महिने थांबावे, कारण बीज तयार होण्यास तितकाच काळ लागतो.

इतके सांगून झाल्यावर वाडीवरच्या प्रसंगाकडे वळू. तात्यांनी होकार दिला नाही. शेजाऱ्यास चहा पाजून त्यांनी सांगितले की, पोरगा अजून कोवळा आहे, दिवाळीनंतर दोन वर्षांचा झाला म्हणजे बोलू. शेजाऱ्यास जरा राग आला. मधल्या वर्षात तात्यांनी एकच काम केले. ज्या वाडीवरून सर्जा आणला होता तेथे ते बाजाराच्या वाटेवर अधूनमधून थांबू लागले आणि सर्जाच्या आईबापांची, चुलत्यांची, भावंडांची चौकशी करू लागले. एके दिवशी त्यांस त्याच आईबापांच्या आधीच्या वेतातला, चार वर्षांचा भाऊ दिसला. दुपारी तो चांगला धावे. पण दिवेलागणीस अंगणातल्या बाजेवर आदळे. धनी म्हणे, "तो जरा वेंधळा आहे." तात्यांनी आग्रह धरून त्यास तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेवविले. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिले आणि सांगितले की, डोळ्याच्या आतला पडदा झिजत चालला आहे. आधी रातांधळेपणा येतो, मग दिवसाही दिसेनासे होते. त्यास औषध नाही. आणि दोष आनुवंशिक दिसतो.

अशा रोगाचे बीज कित्येक जातींत रक्ताच्या परीक्षेने ओळखता येते. आयरिश सेटर या जातीतील अंधत्वाचे बीज 1993 साली शोधून काढण्यात आले, आणि तेव्हापासून त्या जातीचे धनी जोड लावण्यापूर्वीच दोष बाळगणारी जनावरे निवडून बाजूस ठेवू शकतात. परंतु एका जातीची परीक्षा दुसरीस लागू पडतेच असे नाही. जेथे प्रयोगशाळेचा आधार नसतो तेथे कुळाची चौकशी हीच परीक्षा, आणि बाकीचे काम साध्या गणिताचे. थोरला भाऊ रोगी, याचा अर्थ आई व बाप दोघेही दोष बाळगणारे. अशा जोडीच्या चार पिलांत सरासरीने एक रोगी, दोन वरून निरोगी पण दोष बाळगणारी, आणि एकच पूर्ण निर्दोष. म्हणून सर्जा पुढे स्वतः निरोगी निघाला, तरी तो दोष बाळगीत असण्याचा संभव तिनांत दोन इतका. हे कळल्यावर दोन वर्षांची मुदतही निरर्थक झाली. "कधी?" हा प्रश्नच उरला नाही.

या ठिकाणी पुष्कळांचे मन हळवे होते. ते म्हणतात, नरास एकदा तरी मादी मिळाली पाहिजे, नाही तर तो चिडका होतो. या समजुतीस आधार नाही. संयोगाने कुत्रा शांत होत नाही, उलट एकदा चव लागली म्हणजे वाड्या पालथ्या घालीत हिंडतो. पैदाशीवाचून त्याच्या प्रकृतीस कोणतीही हानी पोहोचत नाही. धन्याच्या मनातील हौस तो कुत्र्याच्या नावावर खपवितो, इतकेच. खच्ची करावयाचे असल्यास तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने व हाडे भरल्यावर करावे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या गोल्डन रिट्रीव्हर जातीच्या एका अभ्यासात, वर्षाच्या आत खच्ची केलेल्या कुत्र्यांत सांध्यांचे विकार अधिक आढळले.

जो नर या सर्व कसोट्यांस उतरेल त्याची पैदास अवश्य करावी. अशा नराला केवळ आळसाने बाजूस ठेवणे हीही जातीची हानीच. मात्र जोड लावण्यापूर्वी येणाऱ्या पिलांची घरे ठरलेली असावीत, आणि ठरलेली घरे पिलांच्या संख्येहून अधिक असावीत. सहा पिले झाली आणि चारच घरे असली तर उरलेली दोन बाजारतळावर सोडली जातात, व मोकाट कुत्र्यांत भर पडते. मादीस नराच्या घरी आणावे, कारण नर आपल्या जागेत निर्धास्त असतो. माज सुरू झाल्यापासून साधारणतः नवव्या ते चौदाव्या दिवसांत जोड लागते. नक्की दिवस रक्ताच्या परीक्षेने कळतो. संयोगानंतर दोघे काही वेळ अडकून राहतात, पाच मिनिटे किंवा अर्धा तासही. हे नैसर्गिक आहे. त्या वेळी पाणी ओतून, दगड मारून किंवा ओढून त्यांस सोडविणे हा क्रूरपणा तर आहेच, शिवाय त्याने दोघांसही इजा होते. मादीस पुढे माज ओसरेपर्यंत बंद ठेवावे, कारण एकाच वेतात दोन बापांची पिले होऊ शकतात. सुमारे त्रेसष्ट दिवसांनी ती विते. पिले आठ आठवड्यांची होईपर्यंत आईजवळच राहावीत. कुत्र्यांच्या पैदाशीचा धंदा करणाऱ्यांवर सरकारने 2017 सालच्या नियमांनी हेच बंधन घातले आहे.

शेजाऱ्याच्या कुत्रीसाठी तात्यांनी स्वतःच दुसरा नर शोधून दिला. पाच वर्षांचा, निराळ्या कुळातला, रात्रीच्या अंधारात मेंढरांभोवती फिरणारा. कबूल झालेले पिलू अर्थातच तात्यांकडे आले नाही. शेजाऱ्याने मात्र एके सायंकाळी येऊन ती पिले दिव्याच्या उजेडात दाखविली. सर्जा वाड्याच्या दाराशी नेहमीच्या जागी बसला होता. अंधार पडल्यावर तो उठला की तात्यांची नजर आताशा त्याच्या पावलांकडे जाते. आणि तो दगडास न अडखळता कुंपण ओलांडून गेला, म्हणजे ते पुन्हा आपल्या कामास लागतात.